प्रोस्टेटच्या जहाल कर्करोगाचा शोध : लंडन ते खारघर



इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हणजे शिवकाल, खिलाफत चळवळ किंवा गेला बाजार आपल्या शेजारचा बेलापूरचा किल्ला यांवर लिहावे, अशी आपली अपेक्षा असणार. यंदा मी एका रोगाचा इतिहास सांगणार आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु रोगांनाही इतिहास असतो. त्यातही सनावळी असते, माणसे असतात, चुकीच्या समजुती असतात. शिवाय या इतिहासाची अलीकडची काही पाने आपल्या करावे गावापासून हाकेच्या अंतरावर लिहिली गेली आहेत, आणि हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक आहे.

प्रथम नावाविषयी. संस्कृतात कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक लोकांनी या रोगाला दिलेल्या नावाचा अर्थ खेकडाच. अरबी व उर्दूत आपण ज्याला सरतान म्हणतो त्याचाही अर्थ खेकडा, आणि इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात हा रोग याच नावाने येतो. तीन दूरदूरच्या भाषांना एकच प्राणी आठवावा याचे नवल वाटते. पण खाडीत चिंबोऱ्या पकडणाऱ्या करावेकरांस तिच्या नांगीची पकड काय असते हे मी सांगावयास नको.

आता प्रोस्टेटविषयी. मराठी ग्रंथांत हिला अष्ठीला ग्रंथी म्हणतात. हा शब्द कोणी बोलत नाही, म्हणून आपणही प्रोस्टेटच म्हणू. ही फक्त पुरुषांत असते. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते, लघवीस अडथळा होतो, रात्री चारदा उठावे लागते. ही नुसती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे येथेच स्पष्ट करतो. मात्र कर्करोगाचीही सुरुवात कधी अशाच तक्रारीने होते, तर कधी कोणत्याही तक्रारीवाचून होते. ‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य पालकसभेनंतरच्या गप्पांत मी किती आजोबांच्या तोंडून ऐकले आहे! बायकोला सांगत नाहीत, मुलाला सांगत नाहीत, डॉक्टरचा तर प्रश्नच नाही.

शाळेत आपण जहाल आणि मवाळ असे दोन गट शिकतो. प्रोस्टेटच्या कर्करोगातही ते आहेत. मोठा भाग मवाळांचा : सावकाश वाढणारा, कित्येकदा माणसाच्या आयुष्यात त्रासही न देणारा. जहाल त्या मानाने थोडे, आणि त्यांतील काही प्रकार तर अतिशय विरळा. पण माणसे दगावतात ती बहुतांशी या थोड्यांच्या हातून. हे दोन गट वेगळे ओळखता येऊ लागण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

आरंभ लंडनमध्ये होतो. १८५३ साली जॉन अ‍ॅडम्स नावाच्या शल्यचिकित्सकाने एका ५९ वर्षांच्या रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. प्रोस्टेटमधील कठीण गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो कर्करोग असल्याची खात्री करण्याचा हा पहिला नोंदविलेला प्रसंग मानतात. अ‍ॅडम्सने हा रोग फार दुर्मीळ असल्याचे लिहिले होते. आज तो जगातील पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. मग तेव्हा दुर्मीळ कसा? एक तर त्या काळी पटकी, क्षय, देवी यांतून वाचून साठी गाठणारेच कमी. दुसरे, लघवी अडून म्हातारा मनुष्य गेला तर त्याच्या ग्रंथीत डोकावून पाहणार कोण? पाहिले नाही म्हणून दिसले नाही. अ‍ॅडम्सच्या टिपणातील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : त्या रुग्णाच्या ओटीपोटातील आणि कमरेजवळील लसिका गाठींतही रोग पसरला होता. या गाठींकडे आपणांस पुढे परत यावयाचे आहे.

यानंतरची मोठी सनावळ १९४१. त्या वर्षी शिकागोचे चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. ते संप्रेरक बंद केले, म्हणजे वृषणे काढून टाकली किंवा स्त्री संप्रेरक दिले, की हाडांपर्यंत पसरलेला रोगही मागे हटतो. वेदनेने अंथरुणास खिळलेले रुग्ण उठून चालू लागले. कर्करोग हा शरीराच्या आज्ञेबाहेर गेलेला पूर्ण बंडखोर अशी तोवरची समजूत होती. हा बंडखोर अजून शरीराच्याच भाकरीवर जगतो आणि ती भाकरी तोडता येते, हे प्रथमच सिद्ध झाले. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि बहुतेक रुग्णांत काही काळानंतर रोग पुन्हा डोके वर काढी आणि मग त्यास संप्रेरकाची पर्वा नसे. तो असा का बदलतो, हे कोडे तेथेच राहिले.

त्याच १९४१ सालच्या २८ फेब्रुवारीस इकडे मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ साली क्वेट्टा येथे जन्मलेल्या या मराठी विकृतिशास्त्रज्ञाबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत एक ओळही असू नये याचा मला खेद होतो. त्यांचे वैशिष्ट्य असे की विरळा दिसणारी गोष्ट ते बाजूस सारीत नसत. कंबरेस घट्ट धोतर बांधणाऱ्या पुरुषांत नेमक्या त्याच पट्ट्यावर होणारा कातडीचा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासमवेत जगापुढे मांडला. परदेशी पुस्तकांत तो नव्हताच, कारण तेथे धोतर नव्हते. आपल्या माणसांचे रोग आपणच पाहून, मोजून, लिहून ठेवले पाहिजेत, ही खानोलकरांची धारणा होती. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळ येथेच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले.

तेथे त्यांच्या विद्यार्थिनी होत्या डॉ. कमल रणदिवे. जन्म पुणे, १९१७, पीएच.डी. १९४९. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे काचपात्रात पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि त्यांनी परळला भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांमध्ये संप्रेरके आणि कर्करोग यांचा संबंध कसा लागतो यावर त्यांचे काम होते. त्यांचा विषय स्तनाचा कर्करोग, प्रोस्टेटचा नव्हे. पण प्रश्न हगिन्स यांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची जी संघटना काढली तिचे कार्यालय वाशीस आहे, हे आपल्या मुलींस मुद्दाम सांगतो. एखादा रविवार काढून पाहून या.

मूळ विषयाकडे वळू. १९६६ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिसचे डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी जहाल-मवाळ ओळखण्याची एक रीत दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी किती बिघडली आहे ते पाहून १ ते ५ गुण द्यावयाचे, आणि सर्वाधिक दिसणाऱ्या दोन मांडण्यांच्या गुणांची बेरीज करावयाची. येथे मात्र परीक्षेच्या उलट आहे. गुण जितके अधिक तितके वाईट : ८, ९, १० म्हणजे जहाल. या रीतीत फेरफार झाले, पण ग्लीसनचे नाव आजही प्रत्येक अहवालात असते.

पुढे १९७९ मध्ये बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत पीएसए नावाचे प्रथिन प्रोस्टेटमधून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. ते रक्तात मोजता येऊ लागले आणि १९८६ पासून अमेरिकेत त्या चाचणीस मान्यता मिळाली. बोटाएवढ्या नळीत रक्त घ्या आणि आकडा पाहा! यामुळे असंख्य माणसांचा रोग वेळीच सापडला हे खरे. नुसत्या वाढीनेही हा आकडा चढतो, त्यामुळे पुष्कळांची झोप विनाकारण उडाली हेही खरे.

नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला मधल्या सुट्टीत गाठून विचारले, ‘सर, माझ्या नानांचा पीएसए कमी आला. आम्ही सगळे खूश होतो. तरी डॉक्टर तुकडा काढून तपासायचा म्हणतात. असं का?’ मी त्याला त्या दिवशी सांगितले ते एवढेच, की डॉक्टर सांगतात तसे करा. त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावयाचे तर या रोगाच्या सर्वांत विरळा शाखेकडे जावे लागते.

१९७७ मध्ये अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांनी प्रोस्टेटमधील एका विलक्षण कर्करोगाचे वर्णन केले. पेशी बारीक, गर्दी करून बसलेल्या, आणि हुबेहूब फुप्फुसाच्या एका अत्यंत जहाल कर्करोगासारख्या. यास लघुपेशी कर्करोग म्हणतात. प्रोस्टेटच्या कर्करोगांत निदानाच्याच वेळी असा प्रकार शंभरात एखादाच, किंबहुना त्याहूनही कमी. पण त्याची चाल वेगळी. नेहमीचा रोग हाडांकडे जातो. हा यकृतासारख्या अवयवांकडेही लवकर धाव घेतो. नेहमीचा रोग पीएसए तयार करतो. या पेशींनी प्रोस्टेटपणच सोडलेले असते, त्यामुळे त्या ते प्रथिन फारसे बनवीतच नाहीत. रोग पोटात पसरलेला आणि रक्तातील आकडा मात्र गरीब गायीसारखा! म्हणून लक्षणे किंवा बोटाने केलेली तपासणी एक सांगत असेल आणि आकडा दुसरे, तर जाणता डॉक्टर तुकडा मागतो.

विरळा म्हणून हा प्रकार कित्येक वर्षे पुस्तकाच्या तळटीपेत पडून होता. त्यास मुख्य प्रकरणात आणले ते नव्या औषधांनी. संप्रेरकाची वाट अधिक घट्ट बंद करणारी अ‍ॅबिराटेरोन हे २०११ मध्ये आणि एन्झालुटामाइड हे २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रुग्णांचे आयुष्य वाढले. पण काही जणांत रोग परत आला तो वेश पालटून. पूर्वीचा तुकडा साध्या कर्करोगाचा, आणि नव्याने घेतलेला तुकडा लघुपेशी वळणाचा. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संप्रेरक उपचारांस न जुमानणाऱ्या ज्या १६० रुग्णांचे तुकडे तपासता आले, त्यांतील १७ टक्क्यांत हे रूप आढळले.

हा नवा रोग की जुन्याचाच अवतार? डॉ. हिमिशा बेल्ट्रान यांच्या गटाने २०१६ मध्ये जनुके तपासून दाखविले की दोन्हींचे मूळ एक आहे. एकाच झाडाला फुटलेली ही वेगळी फांदी. २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून आणखी उलगडा झाला. पेशीच्या बेसुमार वाढीस लगाम घालणारी आरबी१ आणि टीपी५३ ही दोन जनुके निकामी झाली की प्रोस्टेटची पेशी आपली ओळख बदलू शकते. हगिन्स यांच्या कोड्यास पाऊणशे वर्षांनी मिळालेले हे निदान अर्धे तरी उत्तर. उपचाराने भाकरी तोडली, तेव्हा बहुसंख्य पेशी मेल्या. ज्यांना त्या भाकरीवाचून जगता येत होते, त्या उरल्या.

या उलगड्यात भारताचाही वाटा आहे. अलीगड मुस्लिम विद्यापीठातून पीएच.डी. झालेल्या डॉ. बुशरा अतीक यांनी मिशिगन येथे असताना स्पिंक१ नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात बनविणाऱ्या जहाल प्रोस्टेट कर्करोगावर काम केले. त्यावरील निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर कानपूरच्या आयआयटीत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. २०२० मध्ये त्यांच्या गटाने दाखविले की पुरुषी संप्रेरकाचा ग्राहक हाच एरवी स्पिंक१ला दाबून ठेवीत असतो. संप्रेरकरोधक औषधाने तो हात उचलला गेला की स्पिंक१ वाढते आणि पेशीच्या वेशांतरास मदत होते. औषध वाईट असे याचा अर्थ कोणी काढू नये. त्याच औषधाने हजारो माणसे वर्षानुवर्षे जगतात. परंतु कोणास त्याच्या जोडीला आणखी काही द्यावे लागेल, हे अशा संशोधनातूनच कळणार. त्याच वर्षीच्या शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकाच्या वैद्यकशास्त्र विभागात डॉ. अतीक यांचे नाव होते. ‘मुलीला विज्ञान शाखा झेपेल का?’ असे दर जूनमध्ये विचारणाऱ्या पालकांस मी हे नाव कागदावर लिहून देतो.

लघुपेशी प्रकारावर मुख्य औषध अजूनही प्लॅटिनमचे. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे जीवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. विजेने नव्हे, तर तारांच्या प्लॅटिनममुळे जीवाणूंची विभागणी थांबते हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९७८ मध्ये सिसप्लॅटिन हे औषध मान्य झाले. त्याने गाठ लवकर वितळते. दुर्दैवाने पुष्कळदा ती लवकर परतही येते.

जाता जाता घराण्याविषयी. बीआरसीए२ हे जनुक सदोष असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग अधिक प्रमाणात आणि अधिक जहाल असतो. हा दोष आईकडूनही येतो. तेव्हा डॉक्टरने घरची माहिती विचारली तर केवळ वडील व चुलते यांचेच सांगू नका. नानी, खाला, फुफी यांस स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही सांगा.

आता आपल्या खाडीवर येऊ. करावे गावाच्या पश्चिमेस खाडी आणि पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी. तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, आणि तेथील ध्रुव अणुभट्टी १९८५ पासून चालू आहे. बॉम्ब आणि वीज एवढेच आपणांस सुचते. पण या भट्टीत औषधी समस्थानिकेही तयार होतात. त्यांतील एक ल्युटेशियम-१७७. प्रोस्टेटच्या कर्करोगी पेशीच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचा रेणू असतो. त्यास नेमका चिकटणारा पदार्थ घ्यावयाचा, त्याच्या पाठीवर ल्युटेशियम बसवावयाचे आणि शिरेतून सोडावयाचे. ते पेशीला जाऊन बिलगते. त्याचे किरण एक-दोन मिलिमीटरच्या आसपासच मारा करतात, आणि साडेसहा-पावणेसात दिवसांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, इतर उपाय थकलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान याने ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेले. चार महिने हा आकडा कोणास क्षुल्लक वाटेल. ज्याच्या घरी नातीचे लग्न ठरले आहे त्यास वाटणार नाही. समस्थानिके रुग्णालयांस पुरविणाऱ्या सरकारी मंडळाचे, म्हणजे ‘ब्रिट’चे, आवार वाशीस आहे. मात्र वेश पालटलेल्या लघुपेशी बहुधा पीएसएमएही टाकून देतात. मग या बाणाला लक्ष्यच सापडत नाही. म्हणून आधी विशेष स्कॅन काढून लक्ष्य आहे की नाही ते पाहतात.

खाडीच्या अलीकडे खारघर. सीवूड्स-दारावेहून पनवेलच्या गाडीत बसलात तर बेलापूर, मग खारघर, एवढाच प्रवास. खानोलकरांच्या संशोधन केंद्राचा वारसा सांगणारी संस्था २००२ मध्ये परळहून येथे आली. तिला आता अ‍ॅक्ट्रेक म्हणतात, आणि ती टाटा मेमोरियल केंद्राचाच भाग आहे.

अ‍ॅडम्सच्या रुग्णाच्या ओटीपोटातील गाठी आठवतात ना? जहाल प्रोस्टेट कर्करोगास किरणोपचार देताना केवळ ग्रंथीवरच द्यावे, की स्कॅनमध्ये स्वच्छ दिसणाऱ्या आसपासच्या गाठींवरही द्यावे, हा वाद जगात कित्येक दशके चालला होता. परदेशांतील मोठ्या चाचण्यांनी तो मिटला नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर २०११ ते ऑगस्ट २०१७ या काळात जहाल गटातील २२४ रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन भागांत वाटणी केली. एका भागास फक्त ग्रंथीवर किरण, दुसऱ्यास ओटीपोटातील गाठींवरही. दोन्हींस २५ बैठका आणि निदान दोन वर्षे संप्रेरकरोधक उपचार. पाच वर्षांच्या हिशेबात पीएसए पुन्हा न चढलेले पहिल्या भागात ८१.२ टक्के निघाले, तर दुसऱ्यात ९५ टक्के. दूरवर फैलावही दुसऱ्या भागात कमी. हा निबंध २०२१ मध्ये अमेरिकेच्या अग्रगण्य कर्करोग नियतकालिकात आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. निबंधातच हेही नमूद आहे की पाच वर्षांत एकूण जगण्या-मरण्याच्या आकड्यांत दोन्ही भागांत फरक दिसला नाही. आणि गाठींवर किरण घेतलेल्यांस लघवीचे त्रास अधिक झाले. मला या निबंधाबद्दल आदर वाटतो तो विशेषतः या दोन कबुल्यांमुळे.

त्या २२४ जणांची नावे कोठे छापलेली नाहीत. आपण कोणत्या भागात पडणार हे आधी ठाऊक नसताना त्यांनी संमतीपत्रावर सही केली, आणि पुढे वर्षानुवर्षे तपासणीस येत राहिले. त्यांच्याविना हे आकडे निघाले नसते.

याच गटाची दुसरी चाचणी २०१८ मध्ये सुरू झाली. प्रश्न असा की जहाल गटातील रुग्णास पाच आठवडे रोज २५ बैठका द्यावयाच्या, की अधिक मात्रेच्या पाचच बैठकांत काम भागेल? वर्गात मी मुलांना या प्रश्नाचा जमाखर्च मांडावयास सांगितला. रत्नागिरी किंवा महाडहून येणारा रुग्ण, सोबत एक माणूस, राहण्याची खोली, रोजचे गाडीभाडे, बुडालेली मजुरी. पाच आठवड्यांचा हिशेब फळ्यावर मावला नाही. पाच बैठकांचा चार ओळींत संपला.